पाषाण तलावातल्या लाल अळ्या: प्रजातीपर्यंत पोचायचं कसं?

मुठाकाठी: एमएस्सीचा प्रकल्प आहे. पाषाण तलावाच्या काठच्या गाळातून लाल अळ्या आणल्यात. शिवाय हॉस्टेलच्या दिव्याखाली पडलेली, डासांसारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं गोळा केलीत. कायरोनोमिडी कुळ नक्की. सर म्हणतात, सरळ डीएनए बारकोड कर, म्हणजे डीएनएचा ठरलेला छोटा तुकडा वाचून प्रजात ओळख. सगळ्यांचं करणं परवडत नाही. नुसत्या अळीवरून प्रजात कळते का?

गाळमावशी: बहुतेक वेळा वंशापर्यंतच जाशील, तेही अळी चौथ्या अवस्थेतली असेल तर. डोकं कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेव, मग खालची बाजू वर करून स्लाइडवर बसव. दातेरी पट्टी दिसेल, ती मेंटम. कायरोनोमस वंशात मधला दात तीन टोकांचा आणि दोन्हीकडे सहा-सहा दात. लाल रंगावर विसंबू नकोस, हिमोग्लोबिन बऱ्याच वंशांत असतं. राहिलेलं धड फेकू नकोस, डीएनए त्यातूनच काढायचा.

आता मला सांग, दिव्याखालची चिलटं याच अळ्यांची, हे कशावरून? एका बाटलीत एकच अळी वाढव, तोंडाला मलमल बांध. अळीची कात तळाशी सापडते, कोषाची पाण्यावर तरंगते, प्रौढ वर कापडाला बसलेला असतो. तिन्हींना एकच नंबर दे. सातबाऱ्यावर भलत्याचं नाव चढलं की काय होतं, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

नर निघाल्यावर लगेच मारू नकोस, एक दिवस जाऊ दे, अंग कडक होतं. डीएनएसाठी एका बाजूचा मधला आणि मागचा पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाक. पुढच्या पायांना हात लावायचा नाही, त्यांच्या भागांचं गुणोत्तर वर्णनात लागतं. प्रजातीचा निकाल मुख्यतः नराच्या शेपटाकडच्या जननांगांवर लागतो.

मुठाकाठी: आणि मादी निघाली तर? त्याच जास्त निघतील, माझं नशीब माहितीये मला.

गाळमावशी: तिच्याही काती जप. मादी नुसती बघून ओळखणं जिकिरीचं. पण तिचा बारकोड नराशी जुळला की नाव मिळतं. बारकोडचा खरा उपयोग मला इथेच वाटतो.

खराडीचा_कोडवाला: सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा वाचतात. डेटाबेसमध्ये सगळ्यात जवळचं नाव ९० टक्क्यांवरच थांबलं, तर ते नाव चिकटवू नका. आणि ९९ टक्के जुळलं तरी मुळात ते नाव कुणी, कुठला नमुना बघून दिलं हे तपासा. चुकीच्या नावाने चढवलेले डीएनए क्रमही तिथे असतात.

गाळमावशी: कोडवाल्याशी सहमत, आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती आतल्या खुणांवरून ओळखणं काही डीएनएच्या मशीनपासून सुरू झालेलं नाही. युरोपातले कायरोनोमस रिपारियस आणि कायरोनोमस पायगर बाहेरून जवळजवळ सारखे. ते वेगळे ओळखले गेले अळीच्या लाळग्रंथीतल्या महाकाय गुणसूत्रांच्या पट्ट्यांवरून. ही गुणसूत्रं बाल्बियानी या शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये कायरोनोमसच्या अळीतच पाहिली होती. तेव्हा थोड्या अळ्या त्यासाठीही राखून ठेव.

मुठाकाठी: बाटलीत पाणी कुठलं घालू, मावशी? नळाचं चालेल?

गाळमावशी: नको, क्लोरीन असतं. तलावाचंच बोटभर, गाळून घे, नाहीतर दुसरीच अळी आत शिरायची. तळाला चिमूटभर गाळ टाक, पण तो आधी उकळून गार केलेला. आणि लेबल पेन्सिलने लिही, अल्कोहोलमध्ये पेनाची शाई पसरते.