इन्सुलिन पंपाच्या सेटखाली चट्टे, खाज आणि पोटावर फुगवटा : काय करावं?

गोदाकाठ

मुलगी १२ वर्षांची, टाइप १ मधुमेह. नळीवाला पंप, ६ मिमीची सरळ टेफ्लॉन कॅन्युला (कातडीत राहणारी बारीक नळी), सेट (कॅन्युला, ती धरणारी चिकटपट्टी आणि पंपाची नळी) दर ३ दिवसांनी बदलतो. दोन महिन्यांपासून सेट काढला की खाली पट्टीच्याच आकाराचा लाल चट्टा दिसतो. त्यावर बारीक पुरळ आणि प्रचंड खाज. चट्टा जायला ५-६ दिवस लागतात. दुसरं म्हणजे बेंबीच्या डावीकडे एक मऊ फुगवटा आलाय. दुखत नाही, उलट तिथे टोचलेलं कळत नाही म्हणून ती तीच जागा मागते. पण तिथे सेट लावला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुगर ३०० पार जाते. सध्या नाशिकचा पारा चाळिशीला टेकलाय, घामाने कडा सुटतात, मग वरून साधी कापडी चिकटपट्टी लावावी लागते. मेडिकलवाल्याने खाजेसाठी एक मलम दिलंय, त्यात तीन औषधं एकत्र आहेत. लावू का? आणि पंप काही दिवस बंद ठेवावा लागेल का?

सातपूरकर

ताई, पंप बंद करायची गरज दिसत नाही, आणि ते मलम तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

सेट काढल्यावर आधी लालीचा आकार बघायचा. लाली पट्टीच्या कडांशी जुळत असेल तर दोष पट्टीचा किंवा कातडीच्या तयारीचा. फक्त मधल्या टोचलेल्या ठिपक्याभोवती असेल तर कॅन्युला, आत जाणारं इन्सुलिन किंवा जंतुसंसर्ग. लाली नाही पण बोटाखाली रबरासारखं लागतंय, तर ती चरबीची गाठ. काढलेली कॅन्युलाही उजेडात धरून बघा : वाकलेल्या स्ट्रॉसारखी घडी पडलीय का, टोकाला रक्त किंवा पू आहे का. पट्टी ओली असेल तर हुंगा. इन्सुलिन टिकावं म्हणून त्यात फिनॉल, मेटाक्रेसॉल अशी द्रव्यं घातलेली असतात, त्यांचा दवाखान्यासारखा उग्र वास चटकन ओळखू येतो. तो आला म्हणजे इन्सुलिन बाहेर झिरपतंय. शुगर चढायचं ते एक कारण, आणि पट्टीखालची कातडी ओली राहून लाल होण्याचंही.

लावण्याआधी जागा साध्या साबणाने धुवून पुसा. स्पिरिट लावलंत तर ते आपोआप वाळू द्या, निदान ३० सेकंद. फुंकर मारू नका. ओल्या स्पिरिटवर पट्टी दाबली की ते आत कोंडतं आणि कातडी चुरचुरते, ही चूक सर्रास होते. आंघोळीनंतर लगेच सेट लावू नका, अंग ओलसर असतं. अंगाला तेल लावत असाल तर सेटच्या जागा वगळा.

सगळ्यात जास्त नडते ती काढतानाची घाई. पट्टीची एक कड उचला, तिथे कापसाने खोबरेल किंवा बेबी ऑइल सोडा आणि एक-दोन मिनिटं थांबा. मग एका हाताने कातडी दाबून धरा, दुसऱ्याने पट्टी वर न ओढता, स्वतःवरच दुमडत, कातडीलगत हळूहळू सोडवा. झटका दिला की कातडीचा वरचा पापुद्रा पट्टीबरोबर निघतो. निघाल्यावर तेल साबणाने धुवा, नाहीतर पुढची पट्टी तिथे चिकटणार नाही.

कडुनिंब

सातपूरकरांच्या म्हणण्यात एक भर. जागा बदलली तरी प्रत्येक सेटखाली पुरळ येतं, खाज पट्टीच्या बाहेरही सरकते आणि हे पंप लावल्या लावल्या नव्हे तर काही महिन्यांनी सुरू झालं, असं असेल तर ॲलर्जीचा संशय धरायला हवा. नुसती जळजळ असली तर सेट निघाल्यावर एक-दोन दिवसांत कातडी निवते. इथे ५-६ दिवस लागतायत, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

गोंद आणि प्लॅस्टिक जोडायच्या द्रव्यांत ॲक्रिलेट नावाचा गट असतो. त्यातलं आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे २०१७ मध्ये एका ग्लुकोज सेन्सरमुळे येणाऱ्या पुरळाचं कारण म्हणून पुढे आलं. पुढे पंपाच्या काही सेटमध्येही ते आढळलं. ते कधीकधी पट्टीच्या गोंदात नसून वरच्या प्लॅस्टिकच्या जोडणीत असतं आणि तिथून झिरपत कातडीपर्यंत येतं. म्हणून पट्टी कितीही ‘सौम्य’ असली तरी त्रास होऊ शकतो. पॅच टेस्टला जाताना न वापरलेला सेट वेष्टनासकट न्या. पट्टीचा तुकडा आणि संशयित द्रव्यं पाठीवर ४८ तास ठेवतात, नंतर पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी बघतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घामाघूम व्हायचं नाही. शाळेला सुट्टी असताना उरकलेलं बरं.

वरून लावलेली कापडी पट्टी आधी थांबवा. तसल्या पट्ट्यांच्या गोंदात पुष्कळदा राळ असते आणि राळेची ॲलर्जीही असते. म्हणजे मूळ सेट निर्दोष असून चट्टा वरच्या पट्टीचाही असू शकतो. चट्टा नेमका कुठल्या पट्टीपुरता आहे ते फोटो काढून ठेवा.

मध्ये आडोसा करायचा असेल तर दोन प्रकार. एक, कॅव्हिलॉनसारखी स्पिरिट नसलेली संरक्षक फिल्म : पुसायची, मिनिटभर वाळू द्यायची, मग सेट. दोन, हायड्रोकोलॉइडचा (जखमेवर लावायच्या जेलसारख्या चिकट पट्टीचा) अगदी पातळ जातीचा तुकडा, सेटच्या पट्टीपेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा आणि मध्ये भोक पाडलेला, म्हणजे कॅन्युला त्याच्यातून न जाता थेट कातडीत जाते. जाड तुकडा नको. कॅन्युला ६ मिमीची, त्यातली लांबी आडोशातच गेली तर ती कमी खोल बसते आणि निसटते. खरी ॲलर्जी आडोशाने थांबतेच असं नाही. तेव्हा सेटचा प्रकारच बदलावा लागतो. पोलादी सुईच्या सेटचा विचार झाला तर खोट्या कानातल्यांनी मुलीचे कान चिघळतात का ते आधी डॉक्टरांना सांगा, कारण त्या पोलादात निकेल असतं. आणि तो सेट दर २ दिवसांनी बदलायचा असतो.

मलमाबद्दल कळकळीने सांगते. तीन औषधांच्या त्या ट्यूबमध्ये सहसा स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असतं, आणि स्टेरॉइड बहुधा जोरकस. खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडी पातळ होते आणि बुरशी असली तर दबा धरून पसरते. डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड दिलंच तर ते सेट काढलेल्या चट्ट्यावर, ठरवून दिलेले दिवसच. नव्या सेटच्या जागी कधीच नाही.

सातपूरकर

फुगवट्याचं राहिलं. एकाच जागी इन्सुलिन जात राहिलं की तिथली चरबी फुगते. तिथे टोचलेलं कमी दुखतं, म्हणून मुलं तीच जागा मागतात, पण इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी अडकून राहतं. तिला उताणं झोपवा, हाताला थोडा साबण लावून बोटं पोटावरून सावकाश फिरवा. चिमटीत कातडी जिथे जाड भरते ती कड पेनाने आखा. मांड्या आणि कुल्लेही तपासा. आखलेला भाग किमान ३ महिने पूर्ण बंद, गाठ मोठी असेल तर त्याहून जास्त.

नव्या जागी इन्सुलिन पूर्ण शोषलं जातं, तेव्हा तोच डोस जास्त ठरून शुगर अचानक खाली जाते. म्हणून बदलाआधीच डॉक्टरांकडून बेसल (दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) आणि बोलस (जेवणाच्या वेळचा डोस) किती कमी करायचं ते विचारून घ्या, पहिले ३-४ दिवस रात्रीही शुगर बघा. बेंबीपासून ५ सेमी, मागच्या टोचणीपासून ३ सेमी अंतर ठेवा. सलवारीची नाडी किंवा स्कर्टचा पट्टा जिथे काचतो ती ओळ सोडा.

द्राक्षबाग

उन्हाबद्दल. कडा सुटायला लागल्या की वरून पट्ट्यांचे थर चढवले तर घाम आत साठतो आणि पुरळ वाढतं. त्यापेक्षा सेट संध्याकाळी, अंग थंड असताना लावा. वरून हवीच असेल तर मध्ये भोक असलेली पातळ पारदर्शक फिल्म लावा. पंप आणि नळी कपड्याच्या आत ठेवा. पंप काढून गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही, ३७ अंशांच्या वर तापलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. रामकुंडात किंवा तलावात उतरायचं असेल तर ती बुडी सेट बदलायच्या दिवशी, जुना सेट निघायच्या आधी घ्या, आणि नवा सेट घरी स्वच्छ आंघोळ करून अंग पूर्ण वाळल्यावर लावा. पंप तासाभरापेक्षा जास्त वेळ सुटा ठेवू नका.

गोदाकाठ

खूप आभार. कापडी पट्टी आजच बंद केली. पिकलंय हे कसं ओळखायचं आणि तेव्हा शुगरचं काय करायचं?

कडुनिंब

ठिपक्याभोवती गरम लागतं, ठसठसतं, कडक होतं किंवा पू दिसतो, म्हणजे पिकलं. ३ दिवस झाले नसले तरी सेट लगेच काढा, नवा दुसऱ्या बाजूला लावा. पिळू नका. लालीची कड पेनाने आखून वेळ लिहा. रेघेबाहेर सरकली तर त्याच दिवशी डॉक्टर.

शुगर २५० पार गेली आणि कारण कळत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) तपासा. रक्तातले कीटोन ०.६ किंवा जास्त असले तर सुधारणेचा (शुगर खाली आणायचा) डोस पंपातून नव्हे, इन्सुलिन पेनने द्या आणि सेट बदला. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, म्हणून वाट बंद झाली की काही तासांत कीटोन चढतात. १.५ च्या पुढे डॉक्टरांना फोन, ३ च्या पुढे, उलट्या होत असतील किंवा तापाबरोबर लाली पसरत असेल तर रात्र असली तरी दवाखाना. जाताना इन्सुलिन पेन, कीटोनच्या पट्ट्या आणि दोन जादा सेट बरोबर ठेवा, तिथे तुमच्या पंपाचे सेट मिळतीलच असं नाही.