पावसाळ्याचे चार महिने मेंढरांनी कुठे जावे?

मूळ मांडणी : कोरडवाहू शेतकरी, साक्री तालुका

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. त्या निमित्ताने आपल्या खानदेशातील ठेलारी मेंढपाळांविषयी लिहीत आहे.

कापसाची शेवटची वेचणी झाली की आमच्या शेतात दरवर्षी मेंढरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा कळपासह मुक्काम, बसतो. पऱ्हाटीवर उरलेली किडकी बोंडे मेंढ्या अशा खुडून खातात की दोन-चार दिवसांत नुसत्या काड्या दिसतात. त्या बोंडांबरोबर गुलाबी बोंडअळीही जाते, म्हणूनच हंगाम संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या चारण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. लेंडीखत मिळते ते वेगळेच, आणि त्यासाठी आम्ही आनंदाने धान्य किंवा पैसे देतो.

मात्र मृग लागला की हीच मेंढपाळ माणसे आम्हाला नकोशी होतात. शेते पेरलेली, गायरानांवर अतिक्रमणे आणि वनात रोपवन म्हणून चराई बंद. ज्या माळावर पवन्या आणि मारवेल हे चाऱ्याचे गवत उभे असते, त्याला आपण पडीक समजून तेथे खड्डे खणतो आणि झाडे लावतो, त्यांतील कितीतरी पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. गवताची मुळे माती धरतात, पाणी मुरवतात आणि कर्ब जमिनीखाली साठवतात. पाऊस असा लहरी झालेला असताना, जिथे तो पडला तिथे कळप नेण्याची रीत हेच हवामानबदलाशी जुळवून घेणे आहे. त्यामुळे वनातील ठरावीक कुरणे आलटून पालटून मेंढपाळांना लेखी खुली करावीत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : निवृत्त वनपाल, शिरपूर

भाऊ, आपली कळकळ मान्य आहे, पण मागणी मान्य नाही. गवत नाजूक असते ते नेमके आषाढ-श्रावणात. त्या वेळी कळप फिरला तर बी धरण्याआधीच शेंडा खुडला जातो, आणि दोन-तीन वर्षांत पवन्या-मारवेल जाऊन तिथे कुसळी आणि तरोटा माजतो. सातपुड्याच्या उतारांवर हे मी नोकरीच्या काळात डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याच तालुक्यातील बारीपाड्याचे उदाहरण घ्या. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने तेथील लोकांनी चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे केले, ते कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लादून घेतल्यामुळे. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बंदीशिवाय जंगल परत येत नाही, हाच त्या कामाचा अर्थ मी घेतो.

प्रतिसाद : ठेलारी कुटुंबातील शिक्षिका, धुळे

आबा, बारीपाड्यातील बंदी गावाने ठरवली होती, आमच्यावरील बंदी मात्र आम्हाला विचारून कोणी ठरवलेली नाही. हा फरक लहान नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. परंतु आम्ही भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही, त्यामुळे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनावर अवलंबून राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. माझ्या आजोबांचा मुक्काम आठ-पंधरा दिवसांनी हलत असे. त्यांचा कागद कोणत्या गावच्या दप्तरात सापडणार? दाव्यांची पहिली तपासणी ग्रामसभेकडे, आणि तेथे आमचे नाव पाहुण्यासारखेही नसते.

शासनाच्या मेंढीपालनासाठीच्या महामेष योजनेतून जून ते सप्टेंबरसाठी चराई अनुदान मिळते, ही मदत मी कमी लेखत नाही. पण त्या पैशांत चारा विकत घेऊन मेंढ्या एका जागी बांधायच्या, तर पावसात वाडा चिखलतो, खुरे सडतात. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावर हजारो मेंढ्या दगावल्या. अशा रात्री आम्हाला कोरडी, उंचावरची जागा लागते, आणि ती बहुधा वनाच्या हद्दीत असते.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर

आमच्याकडे गेल्या वर्षी कळपाने नवीन लागवडीत शिरून दोन एकरांचे नुकसान केले. भरपाई कोण देणार, याचे उत्तर आधी ठरवा.

मूळ लेखकाचे उत्तर

केळीवाल्या दादांचा प्रश्न रास्त आहे, आणि मला वाटते की कळपाला जाण्याची वाट ठरलेली नसल्यामुळेच तो शेतात शिरतो. जुन्या वाटा नकाशावर घेतल्या, तर नुकसानीची जबाबदारीही ठरवता येईल.

वनपाल साहेबांचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो, कारण आषाढात सगळे कुरण खुले करणे म्हणजे ते संपवणेच होईल. माझी मांडणी त्या दृष्टीने अपुरी होती. कुरणाचे चार भाग करावेत, एक भाग बी गळेपर्यंत पूर्ण बंद, तो दरवर्षी बदलत जावा आणि उरलेल्या भागांत मेंढ्यांची संख्या ठरलेली असावी. कोणता भाग बंद ठेवायचा हे ठरवताना मेंढपाळ समोर बसलेले असावेत, एवढाच माझा आग्रह आहे. आमच्या गावाच्या पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे, आणि ताई, त्या दिवशी आपल्या वाड्यावरील दोन जाणती माणसे यावीत अशी माझी विनंती आहे.