निळूभाऊ म्हणजे फक्त वाड्यावरचा पाटील नव्हे

अभिनेते निळू फुले आयुष्यभर एकच खलनायक करत राहिले, असं म्हणणाऱ्यांचं मत मला पटत नाही. 'सामना' चित्रपटातला हिंदुराव पाटील बघा आणि मग 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस. दुसऱ्यात ना मिशीला पीळ, ना दरारा. सगळं बघणारा, आतून खचत जाणारा पत्रकार. शेवटचं ते हसू आठवलं की अजून पोटात कालवतं. आणि हे सगळं पडद्यावरचं झालं. रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' १९७२ साली आलं, त्यातला पहिला सखाराम निळूभाऊच. त्याआधी राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, 'कथा अकलेच्या कांद्याची'सारखं लोकनाट्य, आणि पोटासाठी पुण्यात माळीकाम! या माणसाला टायमिंग कुणी शिकवावं?

आमची पंचवटीतली आजी टीव्हीवर ते दिसले की "मेला आला" म्हणून पदर सावरून बसायची. 'सिंहासन' लागला तेव्हा मात्र शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाली, "हा तोच का रे? बिचाऱ्याचं कुणी ऐकलंच नाही." खलनायकाला बिचारा म्हणणारी आजी मी तेवढ्या एकदाच पाहिली.