'द टिपिंग पॉइंट' वाचलेल्यांनो, तुमच्या गावात काय पसरलं, कसं पसरलं?

आर्वी तालुका, वाचनालयाची कार्यकर्ती:
माल्कम ग्लॅडवेल यांचं 2000 सालचं हे पुस्तक आमच्या वाचनालयात सध्या हातोहात फिरतंय. एखादी सवय किंवा माल बरेच दिवस रेंगाळतो आणि एकाएकी सगळीकडे दिसू लागतो. त्यामागे मोजकी माणसं, मनात बसणारी गोष्ट आणि भोवतालची परिस्थिती असते, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकातले न्यूयॉर्कचे बूट राहू द्या, आपल्या गावचं सांगा.

राळेगाव तालुका, कास्तकार:
मला पुस्तकातलं अमेरिकेतल्या आयोवाच्या मक्याचं प्रकरण भिडलं. संकरित बियाणं आलं 1928 मध्ये. पाहणीतल्या 259 शेतकऱ्यांपैकी 1933 पर्यंत मूठभरांनीच पेरलं, 1941 पर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी. बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा आमच्याकडेही असंच झालं. गावात पहिल्यांदा लावली ती आमच्या काकाजींनी. लोक धुऱ्यावर थांबायचे, वावरात शिरून बोंड फोडायचे, आत अळी आहे का बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. पुढच्या हंगामात तेच कृषी केंद्रात रांगेत.

पण लेखक माणसांच्या स्वभावावर फार भर देतात, हे मला पटलं नाही. काकाजी मितभाषी. त्यांच्याकडे विहीर होती, ओलीत होतं, एक हंगाम बुडाला तरी सावकाराच्या दारात जायची पाळी नव्हती. कोरडवाहूवाला मागून येतो, कारण त्याला एकदाही चुकणं परवडत नाही.

तिवसा तालुका, आशाताई:
आमच्याकडे बाळंतिणीचा चीक, म्हणजे पहिलं दूध, पिळून टाकत आणि बाळाला मध चाटवत. उपकेंद्रात पोस्टर होतं, मीही घरोघर सांगायची. 'हो बाई' म्हणत आणि आपलंच करत. गावात बाळ-बाळंतिणीला चोळायला जाणाऱ्या एक आजी आहेत. त्यांनी स्वतःच्या नातसुनेला पाजायला लावलं, मग ज्या घरी जातील तिथं सांगत सुटल्या, "माह्या पंतूले पाजला चीक, पाहून घे कसा हाय तो!" दोन-तीन वर्षांत टाकणं बंद झालं. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्याच तालुक्यात. महाराजांनी गावसफाईसुद्धा खंजिरीवर गाऊन सांगितली. मनात बसणाऱ्या गोष्टींचा भाग वाचताना तेच आठवत होतं.

आरमोरी तालुका, कॉलेजचा विद्यार्थी:
माझा अनुभव खर्र्याचा. पोरांना सिगारेटपेक्षा ती ओढणारी बेधडक पोरं भावतात, असं पुस्तकात आहे. आमच्या शाळेत अगदी तसंच झालं. कबड्डीचा सगळ्यात चपळ रेडर मैदानाच्या कडेला बसून पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा करायचा आणि एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवायचा. त्याच्या शेजारी बसायला मिळणं हीच मोठी गोष्ट. भिंतीवरच्या कॅन्सरच्या चित्राकडे कोणी बघतही नव्हतं. आज माझ्या एका वर्गमित्राच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत, भाकर कुस्करून खातो.

आशाताई, तुमच्या आजींचं जसं बायांनी ऐकलं, तसं पोरं ज्याचं ऐकतील असा माणूस मी आमच्या गावात शोधतोय. कोणाच्या गावात पोरांचा खर्रा सुटला असेल, तर कोणामुळे सुटला ते नक्की लिहा जी.