वाळवंटात डाव सुरू झाला म्हणून रिस्टार्ट केलं, तर तो रडीचा डाव?

रात्रपाळी
काल इथे टुंड्राकाकांनी लिहिलं, "सिव्ह 6 मध्ये पहिल्या टर्नला नकाशा बघून रिस्टार्ट दाबणं म्हणजे रडीचा डाव. जमीन कशीही असो, खेळता आलं पाहिजे." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते. (नवीन लोकांसाठी: सिव्ह म्हणजे सिव्हिलायझेशन, टर्न-टर्नने राज्य उभं करायचा कॉम्प्युटर गेम.)

शनिवारची माझी सुरुवात ऐका. डीइटी म्हणजे सगळ्यात अवघड पातळी, रोम. सेटलरच्या, म्हणजे शहर वसवणाऱ्या तुकडीच्या, चहूबाजूंनी वाळू. नदी नाही, तळं नाही, समुद्र नाही. सपाट वाळूची टाइल (नकाशाचं एक घर) फूडही देत नाही आणि प्रॉडक्शनही. टेकडी असली तर प्रॉडक्शन 1. नदीकाठच्या शहराला हाउसिंग (माणसांना राहायला जागा) 5 मिळतं, समुद्रकाठी 3, कोरड्या जागी 2. राजधानीला राजवाड्याचं 1 जास्त धरलं तरी दुसऱ्याच माणसापासून वाढ निम्मी. तिकडे एआय (कॉम्प्युटरचा खेळाडू) तीन-तीन सेटलर घेऊन उतरलेला.

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. आठवड्यात एक संध्याकाळ माझी असते. ती मी असल्या डावात का घालवायची? मला हरायची भीती नाही, शंभर टर्न नुसतं "नेक्स्ट टर्न" दाबत बसायचा कंटाळा आहे.

टुंड्राकाका
मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही.

अमेरिका घेऊन मी टुंड्रात पडलो होतो. शहराचं फूड 2, टुंड्राच्या दोन टाइल कसल्या की 1 आणि 1. झाले 4. दोन माणसं खातात 4. वाढ शून्य. राजधानी दोनवर अडकली ती अडकलीच. पण टुंड्रात जंगल असतं. मॅग्नस या गव्हर्नरला आणला, त्याच्या हाताखाली जंगल तोडलं की दीडपट मिळतं. दुसरं टायटल (गव्हर्नरची बढती) त्याच्या प्रोव्हिजनला दिलं, म्हणजे सेटलर काढताना माणूस कमी होत नाही. त्या दोन माणसांच्या खेड्यातून मी पाच सेटलर दक्षिणेला पाठवले. राजधानी शेवटपर्यंत दरिद्रीच राहिली, पण राज्य उभं राहिलं. राजधानी मोठी झालीच पाहिजे हा हट्ट सोडला की अर्धी वाईट सुरुवात वाईट राहत नाही.

आणि ताई, रोम घेऊन पाण्याचं रडगाणं? रोमला बाथ आहे, शहराला पाणी आणणारं त्यांचं खास बांधकाम.

रात्रपाळी
बाथला शेजारी नदी, तळं, ओअ‍ॅसिस नाहीतर डोंगर लागतो. यातलं काहीही नव्हतं, हे वर लिहिलंय का नाही? डोंगर लिहायचा राहिला, तोही नव्हता. शिवाय बाथसाठी लागणारा इंजिनिअरिंगचा शोध येईपर्यंत काय करायचं? तुमच्या टुंड्रात तोडायला जंगल होतं. वाळूत काय तोडू?

मीठभाकर
वाळूला नावं ठेवणाऱ्यांनी फेथकडे (धर्माच्या गुणांकडे) कधी पाहिलेलंच नसतं. कोड ऑफ लॉज आलं की गॉड किंग हे धोरणाचं कार्ड लावा, टर्नला 1 फेथ येतो. 25 झाले की पँथिऑन, म्हणजे पहिली श्रद्धा निवडता येते. त्यात डेझर्ट फोकलोअर घ्यायचं. मग वाळूच्या मधोमध होली साइट (शहराचा धर्माचा विभाग) बांधली की शेजारच्या प्रत्येक वाळवंटी टाइलमागे 1 फेथ. सहाही बाजूंना वाळू असेल तर 6, तेही पहिल्या शहरात! पुढे क्लासिकल युगात गोल्डन एज साधलं आणि त्यात मॉन्युमेंटॅलिटी ही सवलत घेतली की त्याच फेथने सेटलर विकत घ्यायचे. प्रॉडक्शन लागतच नाही. मी तर वाळू दिसली की खूश होते. आणि वाळवंटाला सुपीक करणारं पेट्रा हे वंडर आहेच.

रात्रपाळी
पेट्रा, पेट्रा! प्रत्येक धाग्यावर कोणीतरी पेट्रा घेऊन येतंच. पेट्राला 400 प्रॉडक्शन लागतं. माझ्या शहरात 6 होतं. 67 टर्न! तोवर ते दुसऱ्याने बांधून मोकळं झालेलं असतं. आणि 25 फेथसाठी गॉड किंगवर 25 टर्न बसलात, तर एआय डेझर्ट फोकलोअर आधी घेऊन जाऊ शकतो. एकाने घेतलं की दुसऱ्याला मिळत नाही. हे "असं झालं तर, तसं झालं तर" मांडणं सोपं असतं.

गडकोट
माफ करा, पण मराठी माणसाने वाईट जमिनीची तक्रार करावी हे मला खटकतं. महाराजांना पुणे जहागीर मिळाली तेव्हा तिथे काय होतं? आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवल्याचं सांगतात. वर 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. बारा मावळ म्हणजे डोंगर, दऱ्या आणि नाचणी. तिथून स्वराज्य उभं राहिलं. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले, हातात उरले 12. तिथे कुठलं रिस्टार्ट होतं?

रात्रपाळी
महाराजांना मध्ये आणून वाद जिंकायची ही सवय सोडा. त्यांच्यापुढे माझी शनिवारची संध्याकाळ ठेवायची म्हणजे काय? त्यांच्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, म्हणूनच हे आवडलं नाही.

नाचणीची_भाकरी
गडकोट, इतिहासही अर्धाच सांगताय. सह्याद्री वाईट होता कोणासाठी? मोठं घोडदळ आणि तोफा घेऊन येणाऱ्यासाठी. महाराजांसाठी तो किल्ल्यांचा देश होता. सिव्हच्या भाषेत सांगायचं तर ते इंका होते. बाकीच्यांना डोंगराची टाइल कसताच येत नाही, इंकांना तीच 2 प्रॉडक्शन देते.

पण जमीन कसणाऱ्यासाठी डोंगर वाईटच. माझं आजोळ वेल्ह्याकडचं. तोरणा अंगणातून दिसायचा. उताराच्या जमिनीत आजी पहिल्या वर्षी नाचणी करायची, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळे, आणि मग ती जमीन काही वर्षं तशीच सोडून द्यायची. मे महिन्यात राब (जमिनीवर पसरलेला पालापाचोळा) भाजायचा, त्या धुराने तिचे डोळे आठवडाभर लाल असायचे. एवढं करून कणगी दिवाळीनंतर दोन महिन्यांत तळाला लागायची. म्हणून "वाईट जमीन माणसाला घडवते" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. कष्ट तिने केले, श्रेय डोंगराला कशाला? महाराजांनाही हे कळत होतं. 1676 च्या पत्रात ते प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला बजावतात की ज्याच्याकडे बैल नाही, बियाणं नाही, त्याला ते द्या आणि नुसतं मुद्दल त्याला जमेल तसं हळूहळू घ्या. "जमीन कशीही असो, कसून दाखव" असं त्यांनी रयतेला सुनावलं नाही.

गडकोट
हे पत्र मी विसरलो होतो. मानलं. पण सिव्हचा विषय निघालाच आहे तर सांगतो, राग तिथे काढा. 2025 साली सिव्ह 7 आला. बेस गेममध्ये मौर्य आहेत, चोळ आहेत, आणि आधुनिक युगात कोण? मुघल! अठराव्या शतकात दिल्लीचं काय चाललं होतं? 1758 ला मराठे अटकेपर्यंत गेले. 1772 मध्ये शाह आलमला तख्तावर परत बसवलं महादजी शिंद्यांनी. आणि आधुनिक युगात मुघल! सिव्ह 5 मध्ये तर भारताची खास इमारतच मुघल फोर्ट होती. किल्ल्यांचा विषय आणि त्यात मराठे नाहीत.

मीठभाकर
यावर शंभर टक्के सहमत.

टुंड्राकाका
सहमत. मुघल गाळू नका, पण मराठे हवेतच. गनिमी काव्याला डोंगरात जादा चाल द्या, गड बांधला की शेजारच्या टेकड्यांना प्रॉडक्शन द्या. वाईट टेरेनचा प्रश्न तिथल्या तिथे मिटेल.

रात्रपाळी
म्हणजे तुम्हीच कबूल करताय, काका. वाईट जमीन पेलायला ती जमीन पेलणारी सिव्ह (गेममधलं राष्ट्र) लागते. टुंड्राला रशिया, वाळूला माली, डोंगराला इंका. माझ्या रोमला वाळूत काय मिळतं? एक फुकटचा मॉन्युमेंट.

टुंड्राकाका
कबूल वगैरे काही नाही. तुम्ही सेटलर हलवून पाहिलात का? पहिल्या टर्नला शहर वसवायलाच हवं असं कुठे लिहिलंय? मॅप सीड, गेम सीड (तोच नकाशा परत काढणारे आकडे) आणि सेटिंग इथे टाका. मी तोच डाव खेळतो.

रात्रपाळी
टाकते. ऑटोसेव्ह आहे माझ्याकडे. सेटलर हलवला नव्हता, हे खरं. एक-एक टर्न वाया जाईल म्हणून धीर झाला नाही.

टुंड्राकाका
खेळलो. योद्ध्याला आधी वायव्येला पाठवला, तिसऱ्या टर्नला त्याला नदी दिसली. चौथ्या टर्नला शहर वसलं, नदीकाठी, मैदानी टेकडीवर. शहराच्या टाइलचं फूड 2, प्रॉडक्शन 2, पाण्याचं हाउसिंग 5. वाळू पूर्वेला राहिली, तिथे दुसरं शहर टाकून होली साइट बांधतोय. डेझर्ट फोकलोअर मिळालं, पण अगदी काठावर. मीठभाकरचं बरोबर आहे.

आता तुमचंही ऐका. टर्न 52 ला बाजूच्या एआयने युद्ध पुकारलं आणि ते दुसरं शहर जायच्या बेतात आहे. जिथे सेटलर उभा होता तिथेच मी शहर वसवलं असतं, तर इथवरही आलो नसतो. त्या जागेपुरतं रिस्टार्ट मान्य. सगळ्या वाळवंटांना नाही.

रात्रपाळी
वायव्येला नदी होती? किती टाइलवर?

टुंड्राकाका
पाच. सेव्ह पाठवतो, टर्न 4 चं. पूर्वेच्या शहराला भिंत आधी बांधा, मी ती चूक केली.