डेटा सफिशियन्सी: आधी मांडणी की आधी आकडे?

प्रमेय:
जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेतल्या डेटा सफिशियन्सीत एक प्रश्न आणि दोन विधानं देतात. विधान वाचलं रे वाचलं की आकडे टाकत सुटायचं, ही सवय मोडा. दिलेली माहिती पुरते का, एवढंच ठरवायचं असतं. म्हणून विधानांकडे वळण्याआधी प्रश्न सोपा करा, म्हणजे आधी मांडणी. 'क्ष × य > ० आहे का?' म्हणजे 'दोघांचं चिन्ह एकच का?' एवढ्यावर बरीच विधानं नुसत्या नजरेने निकालात निघतात.

उलटतपासणी:
असहमत. 'क्ष/य > १ आहे का?' हे सोपं करताना भलेभले य ने गुणून 'क्ष > य का?' करून बसतात. मग विधान १ मध्ये 'क्ष > य' दिसलं की लगेच पुरेसं! य ऋण असला तर? ३ आणि २ टाका, 'हो'. २ आणि −१ टाका, 'नाही'. विधान बाद.

प्रमेय:
अपुरं ठरवायला दोन उदाहरणं बास, मान्य. पुरेसं कसं ठरवणार? प्रश्न: क्ष हा −१ आणि १ च्या मध्ये आहे का? विधान: क्ष² > क्ष. २, ५, −३ टाकले, तिन्ही वेळा 'नाही'. ठाम 'नाही'सुद्धा पुरेसंच, म्हणून खूण केली आणि फसलात. −१/२ ला उत्तर 'हो' येतं.

उलटतपासणी:
तो दोष आकडे निवडणाऱ्याचा. −२, −१/२, ०, १/२, २ एवढे कायम हाताशी ठेवा. विधानात न बसणारे आधी गाळा. इथे ० आणि १/२ गळतात. उरलेल्यांत −१/२ आहेच की!

शेषफळ:
तुमच्या भांडणात खरा सापळा राहिला: समीकरणं मोजणं. क्ष, य धन पूर्णांक, क्ष किती?
(१) ५क्ष + ७य = ३१
(२) क्ष + य = ५
दोन अज्ञातं, दोन समीकरणं, म्हणून 'दोन्ही मिळून' हा सी पर्याय निवडतात. पण (१) मध्ये य ला १ ते ४ देऊन बघा (५ ला ३५ होतात). फक्त य = ३ चालतो, क्ष = २. (२) एकटं अपुरं. उत्तर ए, म्हणजे (१) एकटंच पुरेसं.

प्रमेय:
म्हणजे पूर्णांकांची अट आधी टिपायची. मांडणीच झाली ना ही?

शेषफळ:
३१ च्या जागी ४७ घ्या. अट तीच, मांडणी तीच, पण (८, १) आणि (१, ६) दोन्ही बसतात, (१) अपुरं. हे आकडे टाकल्याशिवाय कसं कळलं असतं?