साडेतीन पीठं आणि आपली बस

सचिव: दिवाळीनंतरच्या देवदर्शनाची बस ठरवायची आहे. साडेतीन पीठांपैकी कोल्हापूरची अंबाबाई घरचीच, म्हणजे राहिली तुळजापूर आणि माहूर. वणी पार नाशिककडं, फेरा वाढतोय. तसंही ते अर्धं पीठ, गाळायचं का?

बी-२०१ आज्जी (नातू टाइप करतोय): वणी गाळायची नाही. अर्धं म्हणजे कमी, असं कुणी सांगितलं? ॐकारात अकार, उकार, मकार आणि वर अर्धमात्रा. वणीची सप्तशृंगी त्या अर्धमात्रेच्या जागी मानतात. नवरात्रात आपण सप्तशतीचा पाठ वाचतोय की, 'अर्धमात्रास्थिता नित्या यानुच्चार्या विशेषतः'. जी उच्चारता येत नाही, तिथंच देवी आहे.

ए-३०४: आज्जी, अगदी बरोबर. देवीसमोर मार्कंडेय डोंगर आहे. ऋषी तिथून सप्तशती म्हणत होते आणि देवी कान देऊन ऐकत होती, म्हणून मूर्तीची मान कलती, असं तिकडं सांगतात. कड्यातली अठरा हातांची मूर्ती. मुलांना दाखवायलाच पाहिजे.

सी-१०२: साडेतीन मुहूर्तांचं बघा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धी. पण त्याच दिवशी आपल्याकडं शिंगं रंगवून, सजवून म्हशी रस्त्यावर येतात, मालकाच्या गाडीमागं पळतात. अख्खं गाव बघायला असतंय! अर्धा मुहूर्त म्हणून कोण घरात बसतंय?

ए-३०४: माझ्या माहेरी अक्षय्य तृतीया अर्धी धरायचे.

सी-१०२: दोन्ही रीती आहेत वहिनी.

बी-५०३ सर: पेशवाईतले साडेतीन शहाणे घ्या. सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण तलवारीचं अंग नव्हतं. विठ्ठल सुंदर १७६३ ला राक्षसभुवनच्या लढाईत पडले. नाना मात्र बारभाईंच्या काळापासून १८०० साली वारेपर्यंत पुण्याच्या राजकारणाच्या मध्यावर राहिले. मधे कैदही भोगली, तरी परत आले. आज पोराटोरांना नाव ठाऊक आहे ते या अर्ध्याचंच.

बी-२०१ आज्जी: आणि माणसाचा देह तरी किती? आपल्याच हातानं साडेतीन हात.

सचिव: पटलं आज्जी. वणी ठेवतो, एक मुक्काम वाढेल. २०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तुम्हाला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. बाकीच्यांनी रविवारपर्यंत नावं द्या.

बी-२०१ आज्जी: माझं आणि सुनेचं नाव लिहा. चारी ठिकाणच्या ओट्या मी भरून ठेवते, अंबाबाईची आधी भरू, मग बस सोडा.